उरलेल्याची राखण

पहाटे साडेपाच

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात नंदुरबारची पहाटसुद्धा तिखट असते. गावाबाहेर पथारींवर लाल मिरची पसरलेली असते. वारा तिकडून आला की तोंडावरच्या स्कार्फमधूनही ठसका लागतो. केंद्राचं कुलूप उघडलं की मी सगळ्यात आधी आरओची मोटर लावते. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने १२० लिटर शुद्ध पाणी जातं. ते पाणी रक्ताच्या अगदी शेजारून, डायलायझरमधल्या केसासारख्या बारीक पोकळ धाग्यांच्या पलीकडच्या अंगाने वाहतं. मोटर जरा चालू दिली की कार्बनच्या टाकीनंतरच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं आणि क्लोरीन तपासायचं. रंग आला तर शिफ्ट सुरू होत नाही. क्लोरामाइन रक्तात उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात, हे प्रत्येक टेक्निशियनला पाठ असतं.

पाण्याचा दुसरा धोका मात्र नळीत रंग दाखवत नाही. मेलेल्या जंतूंच्या कवचाचे कण पाण्यातून येत राहिले तर शरीर आतल्या आत धुमसत राहतं, आणि त्या धगीत रुग्णाची उरलीसुरली किडनी लवकर जाते. नव्याने डायलिसिसवर आलेल्या रुग्णांमध्ये अतिशुद्ध पाणी वापरलं तर ही पडझड हळू होते, असं जर्मनीतल्या डॉक्टरांनी २००२ साली दाखवलं. म्हणून टाकी आणि पाइप धुण्याच्या नोंदवहीत कुणी नुसत्या सह्या मारून ठेवल्या की माझं त्याच्याशी भांडण ठरलेलं.

उरलीसुरली किडनी म्हणजे काय, हे इथे रोज कुणाला तरी सांगावं लागतं. डायलिसिस लागलं म्हणजे किडनी संपली, आता सगळं मशीन बघेल, असा बहुतेक घरांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिल्या डायलिसिसच्या वेळी बहुतेकांच्या किडन्या पाच-दहा टक्के तरी काम करत असतात. ते काम कुणी मोजलं नाही, जपलं नाही, तर काही महिन्यांत लघवी थांबते आणि घरचे म्हणतात, आता तर ती होणारच नव्हती.

सात वाजता

पहिली शिफ्ट. शहाद्याकडची गाडी आली, नवापूरची मंडळी पॅसेंजरने आली. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथले एक काका दर वेळी सांगतात की मी आज गुजरातेत चहा पिऊन महाराष्ट्रात गाडीत बसलो. सगळे मला सिस्टर म्हणतात. मी नर्स नाही, डायलिसिस टेक्निशियन आहे, पण ते समजावणं मी कधीच सोडून दिलं.

वजन, बीपी, ताप, हातावरचा फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर-धमनी जोडून केलेली जागा. फिस्टुलावर बोटं ठेवली की आतली थरथर लागली पाहिजे. हे चार रकाने सगळीकडे भरतात. आमच्या कागदावर मी पाचवा रकाना पेनाने ओढते आणि विचारते, ‘‘लघवी किती?’’

‘‘होते ना थोडी,’’ हे उत्तर मी लिहून घेत नाही. थोडी म्हणजे कपभर की तांब्याभर? नवा रुग्ण लाजतो. बायका तर नवऱ्याकडे बघतात, मग छताकडे. मी बाई आहे म्हणून निदान मला तरी सांगतात.

शहाद्याचे मास्तर लाजत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला माणूस, डायलिसिसवर येऊन आठ महिने झालेत. आज त्यांची महिन्याची मोजणी आहे. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, सोड्याने धुतलेला, वर जुन्या ‘लोकमत’चं वेष्टण, म्हणजे गाडीत कुणाला कळायला नको. काल पहाटे पाचची पहिली लघवी टाकून दिली. त्यानंतरची सगळी, आज पहाटे पाचची धरून, कॅनमध्ये. शौचाला जाताना होते तीसुद्धा आधी मगात धरायची, हे त्यांनी स्वतः वहीत लिहून ठेवलंय. मापाच्या भांड्यात ओतलं तर ६५० मिली भरली. मी त्यातला नमुना छोट्या डबीत घेऊन रक्तासोबत लॅबला पाठवला. मास्तरांनी वहीत आकडा मांडला आणि खाली रेघ मारली, जणू मुलाच्या प्रगतिपुस्तकातली.

साडेनऊ

तिसऱ्या मशीनवर नंदुरबारचेच एक रिक्षावाले भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्यांची लघवी पूर्ण बंद झाली. कोरडं वजन, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं, ५२ किलो. आज आले तेव्हा ५५.६. म्हणजे साडेतीन लिटरच्या वर पाणी चढलेलं. चार तासांत एवढं काढायचं तर दर किलोमागे तासाला १७ मिलीच्या वर जातं. तेराच्या पुढे गेलं की हृदयावर ताण येतो, हा धोक्याचा आकडा आम्ही मशीनच्या वर चिकटवून ठेवलाय. डॉक्टरांशी बोलून तास वाढवला, आज ३.२ लिटरच काढायचं ठरलं, उरलेलं पुढच्या वेळी. तरी साडेनऊला जांभई आली, कपाळ ओलं झालं, बीपी ८४. पाणी ओढणं थांबवलं, डोकं खाली, पाय वर, थोडं सलाइन. दहा मिनिटांनी म्हणाले, ‘‘बरं शे.’’

त्यांच्या किडनीचं आता काही जायचं राहिलेलं नाही. माझी नजर असते शेजारच्या मशीनवर, मास्तरांवर. त्यांचं वजन वाढलं होतं फक्त १.१ किलो. अशा माणसाचं पाणी जास्त काढण्याचा मोह टेक्निशियनला फार होतो. ‘आलाच आहे तर अर्धा किलो अजून काढून ठेवू, घरी बरं वाटेल.’ बरं वाटत नाही. बीपी पडतं, आणि बीपी पडलं की आधीच अर्धमेल्या किडनीचा रक्तपुरवठा तुटतो. पाय वर केले, सलाइन सोडलं, माणसाने डोळे उघडले की आपल्यापुरता प्रसंग संपतो. किडनीच्या बाजूने तो संपलेला नसतो. त्या रात्री लघवी नेहमीपेक्षा कमी होते, आणि असे प्रसंग साचत गेले की कॅन कायमचा हलका होतो.

म्हणून मास्तरांच्या कागदावर मी लाल पेनाने लिहिलंय, ‘लघवी आहे, ओढू नका.’ मशीनच्या पाण्याचं तापमान त्यांना ३६ अंशांवर ठेवतो. थोड्या गार पाण्याने बीपी सांभाळलं जातं. ते कुरकुरतात, जानेवारी आहे सिस्टर, थंडी वाजते. त्यांच्यासाठी घरून एक जुनी गोधडी आणून ठेवलीय.

साडेअकरा

पहिली शिफ्ट सुटते, दुसरी लागते. हा तास हातघाईचा. लाइन काढायच्या, सुईच्या जागा दाबून धरायच्या, मशीन निर्जंतुक करायची, नवीन डायलायझर सलाइनने भरून घ्यायचा. बोलायला वेळ नसतो.

तरी धडगावकडच्या मावशींशी बोलले. डोंगरातून त्या आदल्या दिवशी निघतात, रात्री मुक्काम करतात. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की रस्ता बंद होतो, तेव्हा त्यांच्या डायलिसिसचा दिवस घाट ठरवतो. पावरी बोलतात, मुलगा मध्ये मराठी करून सांगतो. वजन चार किलोने वाढलेलं, पायावर सूज. लघवीची गोळी चालू आहे ना, असं विचारलं तर मुलगा म्हणाला, चालू आहे. मी त्याला पाणी आणायला पाठवलं आणि मावशींना खुणेने, मोडक्या पावरीत परत विचारलं. त्या हसल्या. प्रवासाच्या दिवशी गोळी नाही. आदल्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी परत जायचं असतं, तेव्हाही नाही. जीपमध्ये अठरा माणसं, थांबा नाही, थांबलं तरी बाईमाणसाने जायचं कुठे? म्हणजे आठवड्याला दोन डायलिसिसच्या येण्याजाण्यात गोळीचे बरेचसे दिवस बुडालेच.

ही फ्युरोसेमाइडची गोळी किडनी वाचवत नाही, हे खरं. ती आहे तेवढ्या किडनीकडून जास्त पाणी आणि मीठ काढून घेते. पण त्यामुळे अंगावर पाणी कमी चढतं, मशीनवर कमी ओढावं लागतं, बीपी कमी पडतं, आणि त्या आडवळणाने किडनीही टिकते. पुस्तकात औषधाचा डोस लिहिलेला असतो. तळोद्याच्या स्टँडवर बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या अवस्थेत आहे ते लिहिलेलं नसतं. गोळी पोचल्यावर घ्यायची, मुक्कामाच्या घरी, असं डॉक्टरांकडून ठरवून घेतलं. मावशींच्या मुलाला वेळ लिहून दिली, सूर्यावर. घड्याळ त्यांच्याकडे नाही असं नाही, पण त्या बघत नाहीत.

मावशींनीही कॅन आणला होता. तो उचलतानाच मला कळलं.

दुपारी एक

डबा. भेंडी आणि भाकरी. लॅबचे आकडे मोबाईलवर आले.

मास्तर: २४ तासांत ६५० मिली, म्हणजे १४४० मिनिटांत. मिनिटाला ०.४५ मिली. लघवीतला युरिया ६४०, रक्तातला सरासरी १२०. एकाला दुसऱ्याने भागलं की ५.३, त्याला ०.४५ ने गुणलं की २.४. म्हणजे मास्तरांच्या दोन किडन्या मिळून मिनिटाला २.४ मिली रक्तातला युरिया साफ करतात. धडधाकट माणसाच्या किडन्या मिनिटाला शंभर मिलीच्या वर रक्त गाळतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण मशीन आठवड्यात आठ तास चालतं आणि किडनी १६८ तास. २.४ ला आठवड्याच्या १०,०८० मिनिटांनी गुणा: २४ लिटर. एका डायलिसिसमध्ये साधारण ४० लिटर साफ होतं. म्हणजे मास्तरांच्या संपलेल्या म्हटल्या जाणाऱ्या किडन्या दर आठवड्याला अर्ध्याहून जास्त डायलिसिस फुकट करून देतात. शिवाय मशीनच्या धाग्यांतून नीट न निघणारी मोठ्या आकाराची आणि प्रथिनांना चिकटलेली विषारी द्रव्यंही त्यांच्याकडून निघतात. पोटॅशियम-फॉस्फरसचं ओझं हलकं होतं ते वेगळंच.

याला जिवाच्या भाषेत मोजलेलंही आहे. कॅनडा आणि अमेरिकेतल्या, पोटातून डायलिसिस करणाऱ्या रुग्णांच्या एका अभ्यासाचे आकडे २००१ साली पुन्हा तपासले गेले. त्यात दिवसाला २५० मिली लघवी जास्त, तर मृत्यूची जोखीम ३६ टक्क्यांनी कमी, असं निघालं. २५० मिली म्हणजे चहाचे दोन कप.

जगभर आठवड्याला तीन डायलिसिस हा रिवाज आहे. आपल्याकडे कित्येकांचं दोनवर चालतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा जिल्हा रुग्णालयांतल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात, जो २०१६ साली सुरू झाला, मशीनचे पैसे लागत नाहीत. पण गाडीभाडं लागतं, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेलं पोरगं परत बोलवावं लागतं. म्हणून दोन. आता डॉक्टरच म्हणायला लागलेत की लघवी अर्ध्या लिटरच्या वर असेल, किडनीचं काम मिनिटाला दोन मिलीच्या वर असेल, वजन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन ताब्यात असेल, तर दोनवर चालू शकतं. उलट घाई करून तीन केलं तर किडनी लवकर जाण्याची भीती. आमच्या जिल्ह्यात हे दोन गरिबीने आधीच ठरवून दिलंय. माझी तक्रार एवढीच की ते मोजून ठरलेलं नाही. मास्तरांचं दोन बरोबर आहे. दुसऱ्या कुणाचं तेच दोन हळूहळू मारत असेल, आणि कागदावर दोघे सारखेच दिसतात.

अडीच

अक्कलकुव्याचा एक तरुण, पंचविशीचा, सिकलसेलचा. आमच्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये हा आजार जुना आहे. वाकड्या झालेल्या पेशी किडनीच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वर्षानुवर्षं तिथे नुकसान करत राहतात. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं, तेव्हापासून तपासण्या वाढल्यात, पण याच्यासारख्यांची किडनी त्याआधीच गेलेली.

आज त्याच्या कंबरेवर सुईची खूण. विचारलं तर म्हणाला, परवा हाडं फार दुखली, गावातल्या डॉक्टरकडून सुई घेतली, लगेच आराम पडला. ‘डॉक्टर’ म्हणजे कोण ते मी विचारत नाही. खिशातून बाटली निघाली: डायक्लोफिनॅक. सिकलसेलचं दुखणं काय असतं ते मी पाहिलंय, त्याला ‘सहन कर’ असं सांगायची माझी छाती नाही. पण या जातीच्या वेदनाशामकांनी किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी आवळली जाते. किडनी धडधाकट असेल तर सहन करते, याची करणार नाही. दुखण्यासाठी काय चालेल ते डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून त्याच्या पाकिटात ठेवला. खाली माझ्या अक्षरात: ‘हा डायलिसिसचा रुग्ण आहे. डायक्लो, जेंटामायसिन, अमिकासिन देण्याआधी फोन करा.’ सीटी स्कॅनआधी शिरेतून देतात त्या रंगाच्या औषधाबद्दलही लिहायला हवं होतं. ते आता सगळ्यांच्या कार्डावर छापून घ्यायचं ठरवलंय.

आत्तापर्यंत अशा कागदांवरून एकच फोन आलाय. मोलगीहून, एका मेडिकलवाल्याचा. त्याला मी मनातल्या मनात तीळगूळ दिला.

चार वाजता

शिफ्ट शांत. हाच तास जेवणाबद्दल बोलायचा, पण मी भाषण देत नाही, बेडपाशी बसून विचारते. काल काय खाल्लं? पापडीची भाजी, लोणचं, मिरचीचा ठेचा. ठेच्यात मीठ किती? मुठीने. मीठ आलं की तहान येते, तहान आली की तांब्या, तांब्याने वजन, वजनाने ओढणं, ओढण्याने बीपी. याउलटही एक चूक होते: कुणीतरी सांगितलेलं असतं की पाणी विषासारखं आहे, म्हणून लघवी नीट होणारा माणूसही घसा कोरडा करून बसतो, त्यात हगवण लागते आणि किडनी सुकते. पाणी किती प्यायचं याचा हिशेब कॅनवरून लावायचा: काल जेवढी लघवी झाली तेवढं, आणि त्यावर अर्धा लिटर. डॉक्टर माणूस बघून कमी-जास्त करतात. शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही हा हिशेब कळतो.

बीपीच्या गोळ्यांमध्ये रामिप्रिल किंवा त्या जातीची गोळी अशा रुग्णांना उपयोगी पडते. हाँगकाँगमध्ये २००३ साली, पोटाच्या डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये, तिने किडनीची घसरण मंदावल्याचं दिसलं. पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ती डॉक्टर ठरवतात, मी फक्त कोण घेत नाही ते शोधते.

पोटाचं डायलिसिस घरी होतं. त्यात बीपी असं धाडकन पडत नाही, उरलेली किडनी जास्त टिकते. घाटापलीकडच्या माणसाला तेच जास्त सोयीचं, असं मला वाटतं. सरकारने २०१९ साली त्याच्याही मार्गदर्शक सूचना काढल्या. पण दर महिन्याला द्रवाच्या पिशव्यांची खोकी डोंगरावर कोण नेणार, आणि धूर नसलेली, शेळ्या नसलेली एक कोरडी खोली कुठून आणायची, हे कुणी तरी बसून सोडवायला हवं. ते होईपर्यंत मी मशीनवालीच आहे.

साडेपाच

मावशींचा आकडा आला. २४ तासांत २५० मिली. लघवीतला युरिया ४८०, रक्तातला १३५. मिनिटाला ०.६. पाच महिन्यांपूर्वी २.१ होता. वहीतले आकडे सलग वाचले तर पावसाळ्यापासून उतार दिसतो: घाट बंद होता ते दिवस, एकदा ताप, एकदा गोळ्या संपलेल्या.

नेफ्रॉलॉजिस्ट फोनवर होते. त्यांनी आधी एक प्रश्न विचारला, ‘‘लघवी अडली तर नाही ना? सोनोग्राफी केली?’’ केली होती, अडलेली नाही. मग म्हणाले, ‘‘दोनवर ठेवता येणार नाही. तीन करा. गोळी चालू ठेवा, बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी नको. तीन आठवड्यांनी परत कॅन.’’

मुलाला बाहेर बोलावून सांगितलं. त्याने हिशेब केला, तोंडातल्या तोंडात: तीन वेळा, येऊन-जाऊन सहा दिवस, जीपचं भाडं, शेतातला हरभरा. मग म्हणाला, ‘‘सिस्टर, तळोद्याला आईची भाची आहे.’’

‘‘तिथे राहतील?’’

‘‘आईला विचारावं लागेल.’’

मावशी मशीनवरून उतरून हात दाबून बसल्या होत्या. मुलगा पावरीत बराच वेळ बोलला. त्यांनी मान हलवली, नाही अशी, मग काहीतरी विचारलं.

‘‘ती विचारते, कोंबड्या कोण बघेल?’’

मी म्हटलं, कोंबड्यांचं मला ठाऊक नाही, पण शनिवारी पहिल्या शिफ्टला एक मशीन रिकामं आहे, तळोद्याहून सकाळची पहिली एसटी पकडली तर सातपर्यंत पोचता. त्यांनी मुलाकडून परत ऐकलं, ‘शनिवार’ हा शब्द स्वतः उच्चारून पाहिला. मी वहीत नाव लिहिलं, पेन्सिलने. मुलगा म्हणाला, पेनाने लिहा, मी कोंबड्या बघतो.